मार खाऊनही आईलाच बिलगणारं मूल

सोलापूरकडच्या एका विडी कामगारांच्या वस्तीत अंगणवाडी चालवणाऱ्या ताईंनी विचारलं आहे: 'माझ्याकडे साडेतीन वर्षांचा एक मुलगा येतो. आई घरी विड्या वळते, बाप दारू पितो. आई पोराला हाताला येईल त्यानं मारते. मांडीवर, पाठीवर वळ दिसतात. पण दुपारी ती न्यायला आली की पोरगं धावत जाऊन तिलाच मिठी मारतं. मिठी मारताना तोंड मात्र दुसरीकडे वळवतं. हे प्रेम समजायचं की भीती? याच्या वाढीवर काय परिणाम होईल? मी तक्रार करू की गप्प बसू? पोराला आईपासून तोडल्याचं पाप माझ्या माथी नको.'

ताई, मी सव्वीस वर्षं लहान मुलांच्या मानसिक आरोग्याचं काम करते आहे. त्यातली बरीच वर्षं अशाच घरांच्या उंबऱ्यावर बसून गेली. तुमच्या प्रश्नातलं सगळ्यात मोलाचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहून गेलात. तो मिठी मारतो, पण तोंड दुसरीकडे वळवतो. हे तुम्हाला दिसलं, म्हणजे तुमची नजर चांगली आहे. त्या नजरेवरच पुढचं सगळं काम उभं राहणार आहे.

मिठी खरी आहे आणि भीतीही खरी आहे. दोन्ही एकाच माणसाबद्दल आहेत, आणि त्या मुलाचा पेच तोच आहे.

घार दिसली की कोंबडीची पिल्लं पंखाखाली शिरतात. माणसाचं पिल्लूही तसंच. भीती वाटली, दुखलं, भूक लागली की जो मोठा माणूस आपला म्हणून ठरला आहे त्याच्याकडे ते ओढलं जातं. ते विचार करून जात नाही, जगण्यासाठी ही ओढ त्याच्या अंगातच असते. जॉन बोल्बी या इंग्रज मनोविकारतज्ज्ञांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी १९५१ साली आईविना वाढणाऱ्या मुलांवर अहवाल लिहिला, आणि पुढे या बंधाचं शास्त्र उभं राहिलं. आई प्रेमळ असो की मारकुटी, मूल तिच्याशी बंध बांधतंच. म्हणून 'मारते तरी तिलाच चिकटतं, म्हणजे काही फार वाईट नसणार' हा निष्कर्ष काढू नका. मी तो पोलिसांकडून ऐकला आहे, डॉक्टरांकडून ऐकला आहे, आणि सुरुवातीच्या काळात मी स्वतःही काढला आहे.

पण पंखच टोचायला लागले तर पिल्लानं जायचं कुठे? आपल्याकडे म्हणतात ना, पावसानं झोडपलं आणि राजानं मारलं तर तक्रार कुणाकडे करायची. त्या पोराचं तेच झालं आहे. घाबरल्यावर जिच्याकडे धावायचं, तिचीच भीती वाटते. एक ओढ जवळ नेते, दुसरी मागे खेचते. मग मूल धावत जातं आणि अर्ध्या वाटेत थबकतं. जवळ जातं ते मान फिरवून किंवा पाठीमागून. कधी क्षणभर दगडासारखं गोठतं. अमेरिकेत मेरी मेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात वर्षा-दीड वर्षाच्या बाळांच्या चित्रफिती पुन्हा पुन्हा पाहून हे हावभाव टिपले. आधीच्या अभ्यासकांनी बंधाचे जे वर्ग पाडले होते, त्यातल्या कुठल्याच वर्गात ही बाळं बसत नव्हती. बंध आहे, पण तो विस्कटलेला आहे, असं मेन यांचं म्हणणं.

लगेच एक सावधगिरीही सांगते. १९९९ साली बऱ्याच अभ्यासांची एकत्र तपासणी झाली. त्यात सर्वसाधारण मध्यमवर्गीय घरांतल्या सुमारे १५ टक्के बाळांतही असा विस्कटलेला बंध आढळला, आणि मारहाण किंवा हेळसांड झालेल्या बाळांमध्ये सुमारे ४८ टक्क्यांत. म्हणजे धोका तिपटीहून जास्त असतो, पण मान फिरवली म्हणून घरात मारहाण आहेच असं ठरत नाही, आणि मार खाणारं प्रत्येक मूल तसं वागतंच असंही नाही. झोप अपुरी असेल, ताप असेल, कानानं कमी ऐकू येत असेल, स्वमग्नता असेल, तरीही मूल वेगळं वागतं. तुमच्याकडे वळ आहेत, म्हणून आपण बोलतो आहोत. नुसत्या मिठीवरून कुणावर ठपका ठेवू नका.

अजून एक गोष्ट बघून ठेवा. अशी मुलं तीन-चार वर्षांची झाली की कधी कधी फार 'शहाणी' होतात. आई दमली की पाणी आणून देतात, तिचं तोंड बघून खेळ थांबवतात, धाकट्याला गप्प करतात. शेजारीपाजारी कौतुक करतात, 'केवढंसं पोर, पण किती समजूतदार!' मला अशा कौतुकानं पोटात कालवतं. हे पोर आईला सांभाळतं आहे, कारण आईचा तोल राहिला तर त्याचा दिवस सुखरूप जातो. काही मुलं उलटी जातात, आईवर हुकूम सोडतात, तिला मारतात. वरवर दोन टोकं दिसतात, पण दोघांनीही मोठ्या माणसाची जागा स्वतःकडे घेतलेली असते.

आता वाढीवर काय परिणाम होतो ते. लोक 'मेंदूवर परिणाम होतो' एवढंच म्हणतात आणि आई-बापांच्या पोटात गोळा आणतात. मला त्यापेक्षा अंगणवाडीत डोळ्यांना काय दिसतं ते सांगायचं आहे.

अमेरिकेतल्या सेथ पोलॅक यांनी मुलांना चेहऱ्याची चित्रं दाखवली. आधी अंधूक, मग हळूहळू स्पष्ट होत जाणारी. मारहाण सोसलेल्या मुलांना रागाचा चेहरा इतर मुलांपेक्षा आधी ओळखू आला. इतक्या अंधूक चित्रातही. याला मी बिघाड म्हणत नाही. ज्या घरात राग म्हणजे मार, तिथे राग लवकर ओळखणं हे शहाणपणच आहे. अडचण घराबाहेर पडल्यावर येते. तुम्ही खिचडीचं पातेलं करपलं म्हणून कपाळाला आठी घालता आणि त्याला वाटतं, आता आपली पाळी. शेजारच्या पोराचा धक्का चुकून लागतो आणि हा थेट चावतो. 'काही केलं नसताना मारतो' असं तुम्ही म्हणाल. त्याच्या लेखी समोरच्यानं काहीतरी केलेलं असतं.

दुसरी गोष्ट शब्दांची. अशा घरांतल्या मुलांच्या बोलण्यात आतल्या अवस्थांचे शब्द कमी असतात, असं अभ्यासांत दिसलं आहे. 'मला भीती वाटली', 'मला आवडलं', 'मला राग आला' हे शब्द मूल उगाच शिकत नाही. ते रडतं तेव्हा कुणीतरी म्हणतं, 'घाबरलास होय रे?' आणि त्याच्या पोटातल्या खळबळीला नाव मिळतं. जिथे रडण्याला उत्तर 'गप बस' हे असतं, तिथे खळबळ बिननावाची राहते. मग ती हातपायांतून बाहेर येते, पोटदुखी होऊन येते, किंवा झोपेत चड्डी ओली होते.

हेळसांडीबद्दल एक वाक्य, कारण ती दिसत नाही म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष होतं. वळ नसतील, पण दिवसभर कुणी मुलाशी बोलत नसेल, तर भाषेचं आणि शिकण्याचं नुकसान बहुतेक वेळा मारापेक्षाही जास्त होतं.

हे वाचून 'आता या पोराचं काही खरं नाही' असं मनात आणू नका. लहानपणीच्या आघातांची बेरीज करून माणसाचं भविष्य सांगण्याची हल्ली पद्धत पडली आहे. १९९८ साली कॅलिफोर्नियातल्या हजारो प्रौढांच्या पाहणीतून ती सुरू झाली. बालपणातल्या आघातांचा संबंध मोठेपणीच्या आजारांशी असतो, हे तिनं दाखवलं आणि ते फार महत्त्वाचं होतं. पण हजारो माणसांच्या समूहाबद्दल जे खरं असतं, ते समोरच्या एका पोराचं भाकीत नसतं. कपाळावर लिहिलेलं असल्यासारखं ते कुणाला सांगू नका, आईला तर मुळीच नाही.

आता आईकडे येऊ. माझं बहुतेक सगळं काम आईपाशीच असतं.

केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयानं २००७ साली १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. महाराष्ट्र आणि गोवा त्या राज्यांत होते. दर तीन मुलांपैकी दोघांनी शारीरिक मार सोसला होता. घरात मार खाल्लेल्यांपैकी ८८.६ टक्के मुलांना आई किंवा वडिलांनी मारलं होतं. म्हणजे तुमच्या वस्तीतली ही आई जगावेगळी नाही. फ्लॅटमध्येही हेच चालतं, फक्त तिथे दार बंद असतं. हे अशासाठी सांगते, की तिच्या घरी जाताना 'ही कसली आई' हा विचार घेऊन गेलात, तर तो तुमच्या तोंडावर दिसेल. आणि दाराशी कोण काय विचार घेऊन आलं आहे, हे या बायका पहिल्या मिनिटात ओळखतात.

तिचा दिवस डोळ्यांपुढे आणा. मांडीवर सूप, सुपात पानं आणि तंबाखू. हजार विड्या वळून कारखान्यात द्यायच्या. त्यातल्या खराब म्हणून बाजूला काढल्या तर तेवढे पैसे बुडाले. मान मोडलेली, बोटं सुन्न. पोरगं येऊन सुपाला धक्का देतं, तंबाखू सांडते, आणि तिचा हात उठतो. त्या क्षणी तिला मूल दिसतच नाही. दिसते बुडालेली मजुरी आणि रात्री नवरा काय म्हणेल ते. तुम्ही एकदा त्या तासाला तिथे बसून बघा. मारहाण दिवसभर सारखी पसरलेली नसते. तिची वेळ ठरलेली असते, आणि ही वेळ सापडली की निम्मा मार्ग सापडतो.

दुसरं, ती उदास आहे का ते बघा. गोव्यात विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी बाळंतिणींचा अभ्यास केला, २००२ साली तो प्रसिद्ध झाला. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के बायकांना नैराश्य होतं. गरिबी, नवऱ्याची मारहाण आणि मुलगी झाली म्हणून मिळणारी वागणूक यांच्याशी त्याचा संबंध होता. पुढच्या वर्षी त्याच गटानं दाखवलं, की अशा आयांची बाळं सहाव्या महिन्यात वजनानं आणि उंचीनं मागे पडण्याचं प्रमाण जास्त होतं. तुमच्या वजनाच्या तक्त्यावर खाली गेलेली रेघ कधी कधी आईच्या मनाचं दुखणं सांगत असते. 'रात्री झोप लागते का? कशात मन लागतं का? जीव नकोसा होतो का?' हे तीन प्रश्न विचारायला डॉक्टर व्हावं लागत नाही. तिसऱ्याचं उत्तर 'हो' आलं, तर त्याच दिवशी तिला सरकारी दवाखान्यात घेऊन जा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांकही तिच्या फोनमध्ये घालून द्या, मराठीत बोलता येतं.

तिसरं, तिचं स्वतःचं बालपण. सेल्मा फ्रायबर्ग या बाळांच्या मानसोपचारतज्ज्ञ होत्या. १९७५ साली त्यांनी एक निबंध लिहिला, त्यात पाळण्याभोवती घुटमळणाऱ्या भुतांची उपमा आहे. आई-बापांच्या बालपणातली न बोललेली दुःखं बाळाच्या खोलीत येऊन बसतात, असं त्या म्हणतात. त्यांचं निरीक्षण मला आजवर प्रत्येक घरात पटलं आहे. कुणी, कशानं मारलं हे बहुतेकांना आठवतं. त्या वेळी काय वाटलं होतं हे ज्यांना आठवतं, ते आपल्या मुलावर हात उचलताना थांबतात. ज्यांना फक्त प्रसंग आठवतो आणि वेदना आठवत नाही, ते तेच पुढे करतात. 'बापानं पट्ट्यानं मारलं म्हणून तर सरळ झाले' असं हसत सांगणारी आई दिसली, की मी तिथे थांबते. तिला खोटं पाडत नाही. एवढंच विचारते, 'त्या रात्री तुम्ही कुठे झोपलात?' एक बाई यावर बराच वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, 'न्हाणीत. आजी आली उशिरा, तिनं नेलं आत.' त्यानंतर आम्ही आजीबद्दलच बोललो. पुढच्या खेपेला ती आपणहून म्हणाली, 'माझा पोरगा पण न्हाणीत जाऊन बसतो.'

मार खाल्लेला मारतोच, हे मात्र खोटं आहे. अमेरिकेतल्या कॉफमन आणि झिग्लर यांनी १९८७ साली उपलब्ध पुरावा तपासून अंदाज दिला, की बालपणी छळ सोसलेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश लोक आपल्या मुलांशी तसं वागतात. दोन तृतीयांश वागत नाहीत. मिनेसोटात गरीब घरांतल्या पहिलटकरणींच्या मुलांचा १९७५ पासून वर्षानुवर्षं मागोवा घेतला गेला. ज्या आयांनी ही साखळी तोडली, त्यांच्याकडे तीनपैकी काहीतरी होतं: लहानपणी जीव लावणारं एखादं मोठं माणूस, मनातलं बोलण्यासाठी मिळालेला दीर्घ उपचार, किंवा साथ देणारा जोडीदार. वरच्या बाईंच्या गोष्टीतली आजी आठवा. आणि त्या पोराच्या गोष्टीत तुम्ही कोण आहात, तेही आठवा.

तक्रारीचा प्रश्न मी मुद्दाम मागे ठेवला होता. त्याचं उत्तर कडक आहे, आणि ते आईच्या दुःखाची कहाणी ऐकण्याआधी ऐकलं असतं तर तुम्ही घाबरून वाचन थांबवलं असतं.

काही गोष्टींत थांबायचं नाही. उलथण्याचे किंवा विडी-सिगारेटचे चटके. डोक्यावर, चेहऱ्यावर, कानावर, गळ्यावर, पोटावर मार. अजून रांगतही नसलेल्या बाळाच्या अंगावर कसलाही काळा-निळा डाग, कारण ते स्वतः पडू शकत नाही. तान्ह्या बाळाला गदागदा हलवणं, यात बाहेर एक ओरखडा नसताना आत मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. हाड मोडणं, बांधून ठेवणं, उपाशी ठेवणं. यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन लावा, दुखापत असेल तर आधी दवाखाना. लैंगिक अत्याचाराचा नुसता संशय असला तरी २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं कळवणं बंधनकारक आहे, न कळवणं हाच गुन्हा ठरतो. तिथे तुमच्या-माझ्या विचाराला जागाच नाही.

तुम्ही लिहिलेले वळ मांडीवर आणि पाठीवर आहेत. ते कशाचे आहेत, किती जुने आहेत, एकावर एक आहेत का, कातडी फुटली आहे का, हे मला इथून दिसत नाही. ते आरोग्यसेविकेला किंवा बालरोगतज्ज्ञाला दाखवा. तुमच्या पर्यवेक्षिकांना लेखी कळवा, एकट्यानं ओझं वाहू नका. जिल्हा बाल संरक्षण कक्षाशी बोलणं म्हणजे लगेच खटला नव्हे. २०१५ च्या बालन्याय कायद्याच्या ७५ व्या कलमात मुलाशी क्रूर वागणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. पण त्याच कायद्याच्या तत्त्वांत हेही आहे, की मुलाची पहिली जागा कुटुंब आणि संस्था हा अगदी शेवटचा उपाय. बालकल्याण समिती घराची चौकशी करवते, आई-बापांना समुपदेशन लावते, देखरेख ठेवते. बरीच मुलं घरीच राहतात. फोन करताना आपलं नाव गुप्त ठेवायला सांगा, वस्तीत तुम्हाला उद्याही राहायचं आहे.

तोडल्याचं पाप म्हणता, त्यावर एकच सांगते. काही मुलांना खरंच काही काळ आजी-मावशीकडे किंवा संस्थेत ठेवावं लागलं आहे. ती रडली, आईसाठी तळमळली. त्यातली जी आज जिवंत आहेत, ती त्यामुळे जिवंत आहेत.

जीव धोक्यात नसेल तर काम घरातच करायचं. ते तुम्ही करू शकता.

माझी एक चूक सांगते. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका आईला मी मारण्याचे दुष्परिणाम पाऊण तास समजावले. चित्रं दाखवली. ती मान डोलवत होती. पुढच्या आठवड्यात आली नाही, नंतर कधीच आली नाही. सहा महिन्यांनी कळलं, त्या दिवशी घरी जाऊन तिनं पोरीला मारलं होतं, 'तुझ्यामुळे मला ऐकून घ्यावं लागलं' म्हणून. ती पोर आता मोठी झाली असेल. व्याख्यान दिलेली मारकुटी आई ही अपमान झालेली मारकुटी आई असते. तेव्हापासून मी कुठल्याही घरी चूक दाखवून सुरुवात केलेली नाही.

सुरुवात करायची चांगल्या क्षणापासून. तो शोधावा लागतो, पण असतो. पोर ठेचकाळलं, त्यानं आईकडे बघितलं आणि तिनं नुसता हात पुढे केला, तरी तो धरायचा. तेव्हाच्या तेव्हा, साध्या शब्दांत: 'बघा ना वहिनी, पडला तर आधी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही हात दिलात आणि लगेच गप्प झाला.' कौतुक नको, 'छान करता हं' नको. फक्त काय झालं ते सांगायचं: त्यानं काय केलं, तुम्ही काय केलंत, मग त्याला काय झालं. अमेरिकेत मेरी डोझियर यांनी नेमकी हीच पद्धत बसवली आहे, घरी जाऊन दहा भेटी आणि भेटीत दर थोड्या वेळानं अशी दाद. रॉचेस्टर शहरात दान्ते चिकेटी आणि सहकाऱ्यांनी मारहाण-हेळसांडीच्या घरांतल्या वर्षभराच्या बाळांसोबत काम केलं, ते २००६ साली प्रसिद्ध झालं. सुरुवातीला सुरक्षित बंध असलेलं बाळ शोधूनही सापडत नव्हतं. आई-बाळासोबत वर्षभर घरोघरी काम झाल्यावर निम्म्याहून जास्त बाळांत तो दिसला. ज्या घरांना नेहमीच्याच सरकारी सेवा मिळाल्या, तिथे जवळजवळ काहीच बदललं नाही. हा निकाल वाचला तेव्हा मी दवाखान्यातली खुर्ची सोडून पुन्हा वस्तीत जायला लागले.

मोबाइल असेल तर दोन मिनिटांची चित्रफीत काढा, तिच्या परवानगीनं आणि तिच्याच फोनवर. पोराला तेल लावताना, न्हाऊ घालताना, भांग पाडताना. मग दोघी मिळून बघा. 'इथे तो तुमच्या तोंडाकडे बघून हसला' एवढं दाखवा. कित्येक आयांनी आपलं मूल आपल्याकडे बघून हसताना पहिल्यांदा त्या पडद्यावर पाहिलं आहे. हातात सूप असताना मान खाली असते, मग दिसणार कसं?

दिवसातली दहा मिनिटं तिच्याकडून मागा, सूप बाहेर काढायच्या आधीची. वेगळा 'खेळाचा वेळ' मागू नका, तो तिच्याकडे नाही. आंघोळ आणि तेल आधीपासून आहेच, त्यात फक्त बोलणं घालायचं. आणि मारहाणीच्या त्या ठरलेल्या तासाला पोरगं तिच्या सुपाजवळ नसेल, याची व्यवस्था बघा. एखादी म्हातारी शेजारीण, मोठी बहीण शाळेतून आली असेल तर ती, नाहीतर तुमच्या अंगणात अजून अर्धा तास. सांडण्याचा प्रसंगच टळला तर हात उठायचं एक कारण गेलं. यात मानसशास्त्र काही नाही, पण मी पाहिलेल्या घरांत सगळ्यात लवकर फरक यानं पडला.

मारल्यानंतर काय होतं, हे मात्र नक्की विचारा. हात उठला, आता पुढे? एड ट्रॉनिक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी आई आणि बाळ यांचे चेहरे क्षणाक्षणाला मोजले. अगदी चांगल्या, शांत घरातसुद्धा दोघांचा सूर जेमतेम ३० टक्के वेळ जुळलेला असतो. बाकी वेळ चुकतो, पण पुन्हा जुळतो. मूल यातून शिकतं की तुटलेलं सांधता येतं. म्हणून मी आयांना शिकवते: श्वास घ्या, पाणी प्या, मग पोराच्या उंचीवर बसा आणि म्हणा, 'मी मारलं. तू घाबरलास. मारायला नको होतं, चुकलं माझं.' 'पोराची माफी मागायची?' हा प्रश्न हमखास येतो. सासू ऐकत असेल तर अजूनच. मी सांगते, तुमच्या लहानपणी एकदा जरी कुणी असं म्हटलं असतं, तर? बहुतेक जणी गप्प होतात. एक मात्र पक्कं लक्षात ठेवा. मारायचं, मग रडत रडत कुशीत घ्यायचं, खाऊ द्यायचा आणि दुसऱ्या दिवशी परत मारायचं, याला सांधणं म्हणत नाहीत. त्यानं पोराचा पेच अजून घट्ट होतो. सांधणं खरं असेल तर तीन-चार महिन्यांत मार कमी झालेला तुमच्या वहीत दिसला पाहिजे. नाही दिसला तर वर सांगितलेली तक्रारीची पायरी चढायची.

बापाबद्दल तुम्ही तीनच शब्द लिहिलेत, 'बाप दारू पितो'. तो आईला मारतो का, हे तिला एकटीला विचारा, कधीही त्याच्यासमोर किंवा सासूसमोर नाही. आई मार खात असेल, तर तिला 'पोराला मारू नका' सांगून काही होत नाही, आधी तिची सुटका. १८१ ही महिलांसाठीची हेल्पलाइन आहे, २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा आहे. दारूचं म्हणाल तर गोव्यातच प्राथमिक आरोग्य केंद्रांत, डॉक्टर नसलेल्या पण शिकवून तयार केलेल्या समुपदेशकांनी चार भेटींपर्यंत बोलून बऱ्याच पुरुषांचं घातक पिणं कमी केलं, हे २०१७ साली सिद्ध झालं आहे. बाप हाताबाहेरचा म्हणून सोडून देऊ नका. संध्याकाळी शुद्धीत असताना पोराला खांद्यावर घेऊन फिरवणारा बापही मी पाहिला आहे, आणि सकाळी त्याच्याशी त्याबद्दलच बोलणं सुरू केलं होतं.

अंगणवाडीत त्याच्यासाठी काय करायचं? त्याला खोदून विचारू नका. 'आईनं मारलं ना?' हे तर नकोच, चारचौघांत तर अजिबात नको. तो आईला वाचवायला 'पडलो' म्हणेल आणि तुमच्याशी खोटं बोलल्याचं ओझं वाहील. आपणहून बोलला तर ऐका, त्याचे शब्द जसेच्या तसे लिहून ठेवा. 'थांब, आईला सांगते' ही धमकी तुमच्या तोंडून या मुलासाठी कायमची बंद, मदतनीस ताईंनाही सांगा. रोज त्याच जागी बसवा, त्याच गाण्यानं सुरुवात करा, घरी जायच्या आधी 'आता आई येईल' असं पाच मिनिटं आधी सांगा. पुढे काय होणार हे कळलेलं मूल कमी चावतं. आणि भावनांची नावं घाला, दिवसातून दहादा: 'मनी घाबरून पळाली', 'मला आज आनंद झाला', 'तुला राग आला होय?'

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीत आणि मग कोसबाडला मुलांच्या अंगणातच शाळा नेली, कारण मुलं शाळेपर्यंत येत नव्हती. आपलं हे काम त्याच वाटेनं जातं. न्यूयॉर्क राज्यातल्या एल्मायरा गावात १९७०च्या दशकाच्या अखेरीपासून परिचारिका गरोदरपणापासून मूल दोन वर्षांचं होईपर्यंत घरी जात. पंधरा वर्षांनी पाहिलं, तर त्या घरांत मुलांचा छळ आणि हेळसांड ४८ टक्क्यांनी कमी नोंदवली गेली होती. आपल्याकडे आशाताई बाळंतपणानंतर ४२ दिवसांपर्यंत आणि पुढे पंधराव्या महिन्यापर्यंत घरी जातातच. दार उघडलेलं आहे. वजन करून झाल्यावर उठायची घाई केली नाही, तर तिथेच बसून हे सगळं बोलता येतं. तुमच्या वस्तीतल्या आशाताईंना यात घ्या. ही आई पुन्हा गरोदर राहिली, तर पहिल्या महिन्यापासून घ्या.

या आठवड्यात एवढं करा. वळ दाखवून घ्या आणि पर्यवेक्षिकांना कागद द्या. मग एक वही घाला: तारीख, काय दिसलं, कुणी काय म्हटलं, आणि शेजारी दुसऱ्या रकान्यात त्या दिवशी आई-मुलात दिसलेला एक चांगला क्षण. पहिल्या रकान्याची गरज बालकल्याण समितीला लागेल, दुसऱ्याची तुम्हाला. त्यानंतर सकाळी, सूप निघायच्या आधी, तिच्या घरी जा. पोराबद्दल काही बोलू नका. 'मान फार दुखते का हो?' असं विचारा आणि ती काय सांगते ते मला लिहून पाठवा.